गळ्यातली राणी

१

रविवारी सकाळी आठ वाजता मी राजारामपुरीतल्या एका मंगल कार्यालयात टेबल मांडत होतो. आधी हिरवं कापड, मग नाण्यांचे ट्रे, मग नावाची पाटी. दर जानेवारीत आमच्या हौशी मंडळाचं नाणी-नोटांचं प्रदर्शन असतं आणि दर जानेवारीत मीच सगळ्यांच्या आधी पोचायचो. दोन हजार चार साल होतं ते. मी कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत टर्नर. आठवडाभर लोखंड कातायचं आणि रविवारी चांदी बघायची, एवढाच आपला नाद. बायको म्हणते नाद कसला, खूळ हाय. म्हणू दे.

नाणी कशी ठेवतात ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. पुठ्ठ्याचा चौकोन असतो, मधे गोल खिडकी, खिडकीला पातळ प्लॅस्टिक. नाणं आत ठेवायचं, पुठ्ठा दुमडायचा, चारी बाजूंनी पिना मारायच्या. हात लागत नाही, धूळ जात नाही. त्या दिवशी माझ्याकडं असले बावन्न पुठ्ठे होते. एक्कावन्न स्वच्छ होते.

बावन्नावा मी मुद्दाम मधोमध ठेवला होता. पहिला नंबर मिळाला तर त्याच्याच जोरावर मिळणार होता. अठराशे बासष्टचा राणीछाप रुपया. डोक्यावर मुकुट, तोंड डावीकडं, गालावरची झीज इतकी एकसारखी की बघत राहावं. त्याच्या खिडकीवर वाफ धरली होती. मसुरीच्या डाळीएवढा डाग. मी बोटानं पुसला, गेला नाही. म्हणजे आतून होता.

बाहेर कोरडी थंडी पडलेली. ओठ उलत होते माणसांचे. शेजारच्या टेबलावर पिराजी तांब्याच्या शिवराया मांडत होता. पिराजी माझा जुना जोडीदार, तोंडानं फाटका, मनानं बरा.

"पिराजी, तुझ्या पुठ्ठ्यास्नी घाम आलाय काय रं?"

"घाम? जानेवारीत? खुळा झालास काय मर्दा?" असं म्हणत तो वाकून बघायला आला. तोवर डाग गेला होता. "कुठं काय हाय? काच कशी लख्ख हाय. आन् नाणं तर नाद खुळा. घे आज शिल्ड."

तो मागं वळला आणि डाग परत आला. राणीच्या ओठांसमोर. थोडा थांबला, कडेकडेनं सुकत गेला, नाहीसा झाला. मग पुन्हा आला. प्लॅस्टिक हलक्या प्रतीचं आहे, पुठ्ठा ओलसर असेल, कालच पिना मारल्यात, अशी कारणं मी भराभर शोधली. मनगटावर घड्याळ होतं, पण किती वेळानं येतोय ते मोजलं नाही. मला ते कळून घ्यायचं नव्हतं.

२

हा रुपया माझ्या आताच्या बायकोच्या गळ्यातला.

माझी पहिली बायको अंबू. गगनबावड्याची. तिकडचा पाऊस आणि ओल लहानपणापासून छातीत घेऊन आलेली, त्यामुळं दमा कायमचा. दम लागला की तिच्या छातीत शिट्टी वाजायची, बारीक, दुसऱ्या खोलीत ऐकू येईल अशी. तोंडात पंप मारला की थांबायची. चौऱ्याण्णव साली ती गेली. कशी गेली ते मी सांगणार आहे, पण जरा दमानं घ्या.

दोन वर्षांनी आक्कानं, म्हणजे माझ्या आईनं, पेठ वडगावची वर्षाराणी करून आणली. आमच्यात पहिली वारली की दुसरीच्या गळ्यात तिचा टाक बांधतात. चांदीच्या पत्र्यावर ठोकलेली बाईची मूर्त. दुसरीनं रोज आधी तिला हळदीकुंकू लावायचं, नवं लुगडं आधी तिला दाखवायचं, गोडाचा घास आधी तिला. तिला तिचा मान दिला की ती दुसरीच्या संसारात येत नाही. टाक केला नाही तर काय होतं ते आमच्यात कुणी बोलत नाही.

लग्न परवावर आलं आणि गुजरीतला सोनार म्हणाला, टाकाला आठ दिवस लागतील. आक्का रडायला लागली. मी डब्यातला एक राणीछाप रुपया काढून तिच्या हातावर ठेवला. "हे घे. बाईचं त्वांड हाय की. राणी हाय राणी. अंबूला काय कमी वाटायचं न्हाय."

मी चेष्टा केली होती. आक्कानं केली नाही. रुपयाला कडी लावून आणली, पाटावर ठेवून न्हाऊ घातला, आणि त्याच्याकडं बघत म्हणाली, "अंबू, ये बाई. हितं बस." मग काळ्या दोऱ्यात ओवून तो वर्षाराणीच्या गळ्यात बांधला. मी बाजूला उभा राहून हसत होतो. आक्का जाऊन आता पाच वर्षं झाली, पण तिचा तो आवाज अजून माझ्या कानात आहे.

वर्षाराणीनं सात वर्षं नेम मोडला नाही. आंघोळ झाली की पहिलं बोट रुपयाला. तिला कधी शिंकसुद्धा आली नाही. गालावरची ती एकसारखी झीज म्हणतोय ना, ती तिच्या बोटाची होती.

३

त्या प्रदर्शनाआधीच्या गौरीच्या जेवणाला ती मला पोळी वाढायला वाकली आणि रुपया माझ्या तोंडासमोर लोंबायला लागला. अठराशे बासष्टच्या रुपयात तारखेखाली बारीक ठिपके असतात. ते मोजायचे, त्यावर नाणं साधं की दुर्मीळ ते ठरतं. मी पोळी सोडून ठिपके मोजले. मग जेवण झाल्यावर ती आडवी झाली तेव्हा भिंग लावून पुन्हा मोजले. वीस वर्षं जो रुपया मी बाजार-बाजार हुडकत होतो, तो मीच डब्यातून न बघता काढून दिला होता. जळलं माझं नशीब, असं वाटलं. खरं सांगतो, अंबू मनातसुद्धा आली नाही.

मागितला असता तर वर्षाराणीनं दिला नसता. म्हणून मी मागितला नाही. दुसरा तसलाच झिजका रुपया घेतला, कंपनीत कडी डाकवली, कडेला हळद चोळली, कुंकवाचं बोट फिरवलं. शनिवारी ती डोक्यावरनं न्हायला बसली, दोरा मोरीच्या खुंटीवर काढून ठेवला. मला दोन मिनिटं पुरली.

बाहेर येऊन दोरा गळ्यात घातल्यावर ती म्हणाली, "आज गळ्याला गार लागतंय."

"धुतलीस न्हवं आत्ताच. म्हणून."

"व्हय, आसंल," ती म्हणाली आणि आरशात बघून रुपयाला कुंकू लावलं. मी पेपर तोंडापुढं धरला.

खऱ्या रुपयाची कडी मी कानसून काढली. टर्नरचा हात आहे, कडेवर नुसता एक पुसटसा डाग राहिला. नाणी धुवायची नसतात, नाणी जमवणाऱ्यांत ते पाप समजतात, पण खाचाखाचांत हळद बसलेली. रिठ्याच्या पाण्यात टाकला. पाणी पिवळं झालं, ओतलं, नवं घातलं. तेही पिवळं झालं. असं तीन दिवस चाललं. एवढ्याशा नाण्यात एवढी हळद राहते कुठं, असा प्रश्न मला चौथ्या दिवशी पडला आणि मी तो झटकून टाकला.

दसरा झाला आणि वर्षाराणीला धाप लागायला लागली. आधी जिना चढताना, मग भाकरी थापताना, मग नुसतं बसल्यावर. डॉक्टरनं फोटो काढला, छाती साफ. रक्त साफ. "दम्यासारखं दिसतंय खरं, पण दमा न्हाय," म्हणाले, आणि पंप लिहून दिला. पहिल्या दिवशी तिनं पंप तोंडाला लावला तेव्हा मी घराबाहेर जाऊन उभा राहिलो.

आणि त्या प्रदर्शनाच्या रविवारी, मी ट्रे पिशवीत भरत होतो तेव्हा ती उंबऱ्यात बसून म्हणाली, "अवं, पंप संपलाय. आणून देऊन जातासा काय?"

"मेडिकल साडेनऊशिवाय उघडत न्हाय. दुपारी येताना आणतो."

तिनं चिठ्ठी माझ्या खिशात घातली. वरचा खिसा, डावीकडचा.

आता चौऱ्याण्णवचं सांगतो. तोही रविवारच होता. अंबूनंही पंप संपलाय म्हणून सांगितलं होतं, चिठ्ठी खिशात घातली होती. मेडिकल उघडं होतं, वाटेवरच होतं. पण पेठ वडगावचा एक म्हातारा घरातली जुनी नाणी विकणार होता आणि दहाला गेलो नाही तर दुसरा कुणी उचलणार होता. मी म्हटलं, येताना घेऊ. एक वाजता घरी आलो तेव्हा दारात माणसं उभी होती. ती भिंतीला टेकून बसलेली होती, तोंड दाराकडं. लोकांनी विचारलं, घरात पंप कसा नव्हता? मी म्हणालो, संपलाय म्हणून तिनं सांगितलंच नाही. आक्कालाही तेच सांगितलं. चिठ्ठी मी मोरीत जाळली. हे आजवर अंबू आणि मी सोडून कुणाला ठाऊक नाही.

४

अकराला हॉल भरला. पोरंटोरं, पेन्शनर, भाऊबंदकीत निघालेली नाणी दाखवायला आलेले शेतकरी. सनईची कॅसेट, चहावाल्याची आरोळी. एवढ्या गलक्यात मला माझ्या टेबलावरनं एक आवाज ऐकू येत होता. बारीक. शिट्टीसारखा. आधी वाटलं पंखा कुरकुरतोय. वर बघितलं तर पंखा बंद होता.

डाग आता लवकर लवकर यायला लागला होता. येतोय न येतोय तोवर जात होता.

साडेअकराला परीक्षक आले. बेळगावचे, पंचाहत्तरीचे, धोतर आणि कोट. एकेक पुठ्ठा उचलून बघत मधल्यावर आले. भिंग लावलं, वाकले आणि झटकन मान मागं घेतली. कोटाच्या टोकानं भिंग पुसलं. पुन्हा लावलं, पुन्हा पुसलं.

"काय झालं साहेब?"

"भिंगावर वाफ धरतीय की हो." ते माझ्याकडं बघत होते, नाण्याकडं नाही. "ह्याला कडी होती. चांगली काढली आहे, पण होती. कुणाच्या गळ्यातलं आहे हे?"

"भंगारात घावलं साहेब. पेठ वडगावच्या बाजारात."

"भंगारात," ते म्हणाले. पुठ्ठा त्यांनी जपून खाली ठेवला, बोटं धोतराला पुसली. "नाणं पहिल्या नंबरचं आहे. पण तुमच्या जागी मी असतो तर आज घरी घेऊन गेलो असतो." आणि पुढच्या टेबलाकडं गेले.

मी खुर्चीवर बसलो. माझ्या तोंडातून दुसऱ्यांदा तसलंच खोटं किती सहज निघालं होतं! आणि तेव्हा खरी भीती वाटली. सकाळपासून मनाच्या तळाशी मी एकच धरून बसलो होतो की ही अंबू आहे. ती चिडलीय, ती माझ्यापुढं बसून धापा टाकतीय. टाकू दे, ती माझी आणि तिची गोष्ट. पण अंबू तर दहा वर्षांपूर्वीच थांबली. मग हा श्वास कुणाचा कमी होऊन इथं येतोय?

मी भिंग उचललं. एकदाच बघितलं. काय बघितलं ते मी धड सांगू शकत नाही. राणीचं तोंड डावीकडं होतं, मुकुट होता, ठिपके होते, सगळं जागच्या जागी. फक्त ओठ नाण्यावर असतात तसे मिटलेले नव्हते.

शिट्टी थांबली. मी डागाची वाट बघितली. आला, अगदी फिकट. पुन्हा वाट बघितली. आला नाही.

"पिराजी, टेबल बघ!"

"अरं, आता नंबर सांगत्यात! बाळासो! कुठं निघालास लेका?"

५

रिक्षात मी पिना दातानं उचकटल्या. रुपया हातात घेतला तर थंडगार. त्या शनिवारी वर्षाराणीच्या गळ्यावर खोटा रुपया जसा लागला असेल, तसा.

बिंदू चौकाच्या पुढं मेडिकल दिसलं. थांबलो आणि तेवढ्यात ती गेली तर? न थांबता गेलो आणि पंपच लागणार असला तर? दहा वर्षं मी झोपेत त्या दुसऱ्या मेडिकलपुढं थांबत होतो. मी रिक्षा थांबवली. चिठ्ठी दिली, पंप घेतला. दुकानदार सुट्टे मोजायला लागला, मी ते तिथंच टाकून पळालो.

उत्तरेश्वर पेठेत आमच्या घराचं दार नुसतं ओढलेलं होतं. वर्षाराणी भिंतीला टेकून बसली होती, तोंड दाराकडं. त्याच भिंतीला. ओठ जांभळे, डोळे अर्धे उघडे. मी तिच्या तोंडात पंप मारला. एकदा, दोनदा, चारदा. औषध ओठांच्या कडेनं बाहेर आलं. आत ओढायला श्वासच नव्हता.

मी खोट्या रुपयाचा दोरा तोडला आणि खरा ओवायला गेलो. ओवणार कशात? कडी मीच कानसली होती. टर्नरच्या हातानं, डाग दिसू नये म्हणून घासून घासून. तो कशातच अडकत नव्हता. माझ्या हुशारीवर मी त्या क्षणी थुंकलो असतो. कोनाड्यातली हळद घेतली, कुंकू घेतलं, सगळं एकदम त्याच्या तोंडाला फासलं आणि रुपया तिच्या गळ्याच्या खळगीत ठेवून वरनं तळहातानं दाबून धरला.

"अंबू," मी म्हणालो. "अंबू, ये बाई. हितं बस. चुकलं माझं. तू सांगिटलं होतंस. मीच आणला न्हाय. मी खोटं बोललो सगळ्यास्नी. तू सांगिटलं होतंस."

तळहाताखाली रुपया कोमट झाला. मग गरम. मग तिच्या छातीत बारीक शिट्टी वाजली आणि श्वास आत गेला.

मी हात काढला नाही. तास, दीड तास तसाच गुडघ्यांवर बसून होतो. केव्हातरी तिनं डोळे उघडले. माझ्या दुसऱ्या हातातल्या पंपाकडं बघितलं.

"आणलासा?"

"व्हय. आणला."

"ह्या येळंला आणलासा," ती म्हणाली आणि डोळे मिटून घेतले. वर्षाराणीला मी आधीचं काही, कधीच सांगितलेलं नव्हतं.

६

दुसऱ्याच दिवशी गुजरीत जाऊन कडी लावून आणली. सोनार म्हणाला, बासष्टचं नाणं हाय, नासवू नगासा. म्हटलं, लाव. पहिला नंबर त्या दिवशी मलाच मिळाला होता. पिराजीनं शिल्ड आणून दिलं, ते माळ्यावर आहे. प्रदर्शनाला मी पुन्हा गेलो नाही.

वर्षाराणी आता खणखणीत आहे. दोन-दोन घागरी घेऊन जिना चढते. डॉक्टरनं पंप बंद केला, त्यालाही तीन वर्षं होतील. रोज आंघोळ झाली की पहिलं बोट रुपयाला, मग स्वतःला. माझ्याशी बोलते, भांडते, माझ्या खुळाला शिव्या घालते. सगळं पूर्वीसारखं.

फक्त रविवारी दुपारी, एकच्या सुमाराला, ती हातातलं काम ठेवते आणि त्या भिंतीला टेकून बसते. तोंड दाराकडं. मी आत आलो की विचारते, "पंप आणलासा?"

एकदा मी सोमवारी तिला म्हणालो, "अगं, तुला पंप कशाला पायजे आता?"

"पंप?" ती हसायला लागली. "मी कवा पंप मागितला? तुमचं आपलं कायतरीच."

कपाटाच्या खालच्या कप्प्यात दीडशेच्या वर पंप झालेत. एकाचंही टोपण उघडलेलं नाही. मेडिकलवाला आता काही विचारत नाही, मला बघितलं की फळीवरनं काढून ठेवतो. आज रविवार. दुकान साडेनऊला उघडतं. मी सव्वानऊपासून पायरीवर बसलोय.